लपवलेली आजी
(प्रस्तावना)

अमेरिकेतली गुलामगिरी म्हटली की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे बहुधा मिसिसिपीकाठचे कापसाचे मळे येतात, मग अब्राहम लिंकन आणि तिथून एकदम मार्टिन ल्यूथर किंग. हा इतिहास खरा आहे, पण तो एका फार मोठ्या इतिहासाचा लहानसा तुकडा आहे. जहाजांच्या नोंदींवरून इतिहासकारांनी मांडलेल्या हिशेबानुसार साडेतीनशे वर्षांत आफ्रिकेच्या किनाऱ्यांवरून सुमारे सव्वा कोटी माणसं जहाजांत कोंबली गेली. त्यांतली १ कोटी ७ लाखांच्या आसपास माणसं अटलांटिकपलीकडे जिवंत उतरली. आज आपण ज्याला अमेरिका म्हणतो, त्या संयुक्त संस्थानांच्या भूमीवर त्यांतली थेट आली ती ४ लाखांहूनही कमी. एकट्या ब्राझीलमध्ये ४८ लाखांच्या घरात उतरली. क्यूबा या एकट्या बेटावर ७ लाखांहून अधिक. जिवंत पोहोचलेल्यांतली निम्म्याहून जास्त माणसं पोर्तुगीज आणि स्पॅनिश अंमलाखालच्या मुलुखांत विकली गेली.

या माणसांचे वंशज गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत पोर्तो रिकोहून, क्यूबाहून, डॉमिनिकन प्रजासत्ताकातून, पनामातून, मेक्सिकोच्या किनारपट्टीवरून उत्तरेला आले आणि न्यूयॉर्क, शिकागो, टँपा, लॉस एंजेलिसच्या वस्त्यांत कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या शेजारी राहू लागले. सरकारी कागदांवर ते 'लॅटिनो' ठरले आणि शेजारी 'ब्लॅक'. या दोन समाजांत ऐक्य कसं साधावं यावर तिथे आजवर पुष्कळ भाषणं झाली आहेत, पुष्कळ ठराव झाले आहेत. पण मुळात हे शेजारधर्माचं नातं नाहीच, हे भावकीचं नातं आहे. भावकीत असतात तशी यात माया आहे, रुसवे आहेत आणि वाटणीचे जुने वादही आहेत. या पुस्तकातले लेख लिहिताना एक गोष्ट मला वारंवार दिसत गेली. हे दोन समाज जिथे जिथे खरोखर एकत्र आले, तिथे आधी कुणीतरी आपल्याच घरातली आफ्रिका उघडपणे मान्य केली होती. जिथे ती नाकारली गेली, तिथे एकीची बोलणी हवेत विरली.

पोर्तो रिकोच्या फोर्तुनातो विस्कारोंदो या कवीची एक कविता त्या बेटावर फार लोकप्रिय आहे. १९४२ सालच्या त्याच्या संग्रहात ती आली. गोरा म्हणून मिरवणारा एक माणूस एका काळ्या माणसाला हिणवतो. काळा माणूस त्याला उलट एवढंच विचारतो, की तुझी आजी कुठे असते? आजी असते स्वयंपाकघरात. ती काळी आहे, म्हणून चारचौघांत तिला बाहेर येऊ देत नाहीत. या पुस्तकाला मी जे नाव दिलं आहे ते त्या आजीवरून.

आजीला लपवण्याची ही रीत कुणा एका घराची नव्हती, तिच्यामागे राज्यव्यवस्था होती. उत्तर अमेरिकेत कायद्याने आणि रूढीने असं ठरवलं, की पूर्वजांत एक जरी काळा असेल तरी माणूस काळा. स्पॅनिश वसाहतींत वेगळी शिडी रचली गेली. गोरा, काळा, मूळनिवासी यांच्या संकरातून होणाऱ्या प्रत्येक पिढीला वेगळं नाव आणि वेगळी पायरी. बाप्तिस्म्याची नोंद कुठल्या वहीत होते यावर मुलाचं पुढचं आयुष्य ठरे. १७९५ साली स्पेनच्या दरबाराने तर दरपत्रकच काढलं. मिश्रवर्णीय माणसाने ठरलेली रक्कम भरली, की त्याला गोऱ्याचे हक्क देणारं राजाचं फर्मान मिळू शके. ज्याच्याकडे पैसे नव्हते त्याने निदान आपल्याहून उजळ मुलगी सून करून आणावी, असं थोरली मंडळी सांगत. 'वंश सुधारणे' हा शब्दप्रयोग तिकडच्या घरांत अजून कानांवर पडतो. शिडी असली की वरच्या पायरीकडे पाहण्याची सवय लागते आणि खालच्या पायरीवरच्या माणसाशी आपलं काही नातं आहे हे विसरण्यात फायदा दिसू लागतो.

या विसरण्याचा आकडाही सापडतो. २००० सालच्या जनगणनेत पोर्तो रिकोतल्या ८० टक्के लोकांनी आपण गोरे असल्याचं लिहिलं. २०२० साली केवळ गोरे असं लिहिणारे १७ टक्के उरले आणि जवळजवळ निम्म्या लोकांनी एकाहून अधिक वंश नोंदवले. प्रश्नावलीतले बदलही याला कारण आहेत, हे मान्य. तरी वीस वर्षांत माणसांची कातडी बदलत नाही. बदललं ते कातडीविषयी काय बोलायचं ते.

क्यूबाची गोष्ट याहून कडू आहे. तिथल्या स्वातंत्र्यसैन्यात काळे आणि मिश्रवर्णीय सैनिक फार मोठ्या संख्येने होते. सेनापती आंतोनियो मासेओ १८९६ साली लढाईत पडला आणि त्याचं नाव अमेरिकेतल्या काळ्या आईबापांनी आपल्या मुलांना ठेवलं. आजही 'मासिओ' नावाचे आफ्रिकन अमेरिकन पुरुष भेटतात ते त्यामुळे. पण स्वातंत्र्यानंतर याच सैनिकांना नोकऱ्या आणि पदं मिळेनात. त्यांनी एव्हारिस्तो एस्तेनोस याच्या नेतृत्वाखाली स्वतःचा पक्ष काढला, तेव्हा १९१० साली वंशाच्या पायावर पक्ष काढण्यास बंदी करणारा कायदा झाला. युक्तिवाद असा, की आपण सगळे क्यूबन आहोत, आपल्यात काळे-गोरे नाहीतच, मग काळ्यांचा पक्ष कशाला? १९१२ साली पक्षाने सशस्त्र निदर्शनं केली आणि सैन्याने हजारो काळ्या क्यूबनांची कत्तल केली. एस्तेनोसही मारला गेला. 'आमच्यात भेदच नाही' हे वाक्य किती धारदार हत्यार होऊ शकतं, हे मला या प्रकरणात जितकं लख्ख दिसलं तितकं दुसरीकडे कुठे दिसलं नाही.

त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या 'द क्रायसिस' या, कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांच्या मासिकात एस्तेनोसवर इंग्रजीत लेख आला. लिहिणारा होता पोर्तो रिकोत जन्मलेला, एका बँकेच्या टपाल विभागात नोकरी करणारा आर्तुरो शॉम्बर्ग. या पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग त्याच्यावर आहे आणि त्याबद्दल वाचकांनी तक्रार करू नये, अशी विनंती आहे. लॅटिनो आणि कृष्णवर्णीय यांच्यातली रेघ ज्याच्या अंगावरून गेली आणि ज्याने ती जन्मभर मानली नाही, असा याच्याएवढा माणूस मला दुसरा माहीत नाही.

पोर्तो रिकोतली गुलामगिरी २२ मार्च १८७३ रोजी संपली, तीही मुक्त झालेल्यांनी आणखी तीन वर्षं करारावर मजुरी करायची या अटीवर. त्याच वर्षी इकडे जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' प्रसिद्ध झालं. ते त्यांनी निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं होतं. ती अर्पणपत्रिका लिहिली गेली तेव्हा क्यूबातले गुलाम सुटायला १३ वर्षं आणि ब्राझीलमधले सुटायला १५ वर्षं बाकी होती. शॉम्बर्ग जन्मला तो पुढच्याच जानेवारीत, १८७४ साली. आई सेंट क्रॉय बेटावरून आलेली काळी स्त्री, बाप जर्मन वंशाचा. शाळेत एका शिक्षकाने सांगितलं, की काळ्यांना इतिहास नाही, त्यांच्यात थोर माणसं झाली नाहीत. ही आठवण शॉम्बर्ग पुढे स्वतःच सांगत असे.

१८९१ साली, सतराव्या वर्षी, तो न्यूयॉर्कला आला. तिथे क्यूबा आणि पोर्तो रिको या दोन्ही बेटांच्या स्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्या मंडळाचा तो चिटणीस झाला. त्या वर्तुळात रंगाची चर्चा उघडपणे चालत असे. राफाएल सेरा या काळ्या क्यूबनाने १८९० साली तिथे काळ्या कामगारांसाठी 'ला लीगा' ही शिक्षणसंस्था काढली होती आणि तिथे क्यूबन स्वातंत्र्यलढ्याचा नेता होसे मार्ती स्वतः शिकवायला येत असे. १८९८ च्या युद्धानंतर बेटं स्पेनच्या हातून अमेरिकेच्या हाती गेली, मंडळं बरखास्त झाली आणि शॉम्बर्गने आपलं लक्ष एका कामाकडे वळवलं. काळ्यांना इतिहास आहे की नाही, हे तो पुराव्यानिशी दाखवणार होता.

पुरावा म्हणजे कागद. १९०६ पासून १९२९ पर्यंत बँकर्स ट्रस्ट कंपनीत नोकरी करून मिळणाऱ्या पगारातून तो पुस्तकं, हस्तलिखितं, चित्रं, पत्रकं विकत घेत राहिला. फिलिस व्हीटली या गुलाम कवयित्रीच्या कवितांची जुनी आवृत्ती, बेंजामिन बॅनेकरची पंचांगं, हैतीच्या क्रांतीचा नेता तुसाँ लूव्हर्त्यूर याचे कागद, स्पेनमधल्या काळ्या विद्वानांची चरित्रं. ब्रुकलिनमधलं त्याचं घर या सगळ्याने भरून गेलं. १९११ साली जॉन एडवर्ड ब्रूस या ज्येष्ठ कृष्णवर्णीय पत्रकाराबरोबर त्याने इतिहास संशोधन मंडळ काढलं. क्यूबन-पोर्तो रिकन बांधवांनी स्थापलेल्या ज्या फ्रीमेसन लॉजचा तो सभासद होता, तिथे इंग्रजी बोलणाऱ्या काळ्या सभासदांची ये-जा त्याच्याच काळात वाढली. लॉजचं स्पॅनिश नाव बदलून अमेरिकेतल्या पहिल्या काळ्या फ्रीमेसनचं, प्रिन्स हॉलचं, नाव दिलं गेलं.

१९२६ साली कार्नेगी कॉर्पोरेशनने १०,००० डॉलर देऊन त्याचा संग्रह न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयासाठी विकत घेतला. ५,००० च्या वर पुस्तकं, ३,००० हस्तलिखितं, २,००० छापचित्रं, शिवाय पत्रकांचे ढीग हार्लेममधल्या १३५ व्या रस्त्यावरच्या शाखेत गेले. त्या पैशातून शॉम्बर्गने काय केलं? तो स्पेनला गेला. सेव्हियातल्या वसाहतींच्या दप्तरखान्यात बसला. स्पॅनिश चित्रकार व्हेलास्केसने रंगवलेलं एका काळ्या माणसाचं व्यक्तिचित्र जगप्रसिद्ध आहे. तो माणूस म्हणजे व्हेलास्केसचा गुलाम हुआन दे पारेहा, आणि पारेहा स्वतःही चित्रकार होता, हे फार थोड्यांच्या ध्यानात होतं. माद्रिदमध्ये पारेहाने रंगवलेला, सेंट मॅथ्यूला येशूचं बोलावणं येतं तो प्रसंग शॉम्बर्गने शोधून पाहिला आणि त्यावर लेख लिहिला. जवळजवळ शंभर वर्षांनी, २०२३ साली, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने पारेहावर स्वतंत्र प्रदर्शन भरवलं, तेव्हा शॉम्बर्गच्या या शोधालाही त्यात जागा द्यावी लागली.

मला या प्रवासाचं महत्त्व वाटतं ते असं. पैसा मिळाला तो हार्लेमच्या कृष्णवर्णीय वाचकांसाठी. आणि शॉम्बर्गने तो खर्च केला स्पॅनिश भाषेतल्या आफ्रिकन माणसांच्या शोधात. त्याच्या लेखी हे एकच काम होतं. १९३२ साली तो त्याच शाखेत संग्रहाचा अभिरक्षक झाला आणि क्यूबाला जाऊन तिथल्या काळ्या लेखकांची पुस्तकं हार्लेमच्या कपाटांसाठी घेऊन आला. काही पोर्तो रिकन परिचितांना तो आपल्याला सोडून 'त्यांच्यात' गेला असं वाटत राहिलं, आणि अमेरिकन इतिहासकारांनी बराच काळ त्याचं पोर्तो रिकन असणं तळटीपेत टाकलं. दोन्ही बाजूंनी त्याला अर्धाच पाहिला. तो १९३८ साली वारला. संग्रहाला त्याचं नाव लाभलं आणि आज शॉम्बर्ग केंद्रात १ कोटी १० लाखांच्या वर वस्तू आहेत. याच केंद्राने २०१३ साली भारतातल्या आफ्रिकनांवर प्रदर्शन भरवलं होतं. इथिओपियात जन्मून गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा कारभार हाती घेऊन खडकी शहर वसवणारा मलिक अंबर हा हार्लेमच्या वाचकांना असा भेटला. सिद्दींचा जंजिरा किल्ला आणि खुलताबादमधली अंबरची कबर ज्यांनी पाहिली आहे, त्यांना शॉम्बर्गची दृष्टी परकी वाटू नये.

त्याच १३५ व्या रस्त्यावरच्या शाखेत १९२१ साली पुरा बेलप्रे ही तरुणी कामाला लागली. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयातली ती पहिली पोर्तो रिकन ग्रंथपाल आणि आफ्रिकन वंशाची. तिने मुलांना बेटावरच्या गोष्टी दोन्ही भाषांत सांगायला सुरुवात केली. झुरळीण आणि उंदराच्या लग्नाची तिची गोष्ट १९३२ साली पुस्तकरूपाने आली. हार्लेमच्या त्या एका इमारतीत काय काय घडत होतं, यावर मराठीत वेगळं पुस्तक व्हायला हवं.

हे सगळं न्यूयॉर्कमध्ये शक्य झालं, कारण तिथे निदान एकत्र बसण्याची मोकळीक होती. दक्षिणेत कायदाच आडवा येई. फ्लोरिडातल्या टँपाजवळ ईबोर सिटी नावाची सिगार कामगारांची वसाहत होती. काळे-गोरे क्यूबन तिथे एकाच कारखान्यात सिगार वळत. होसे मार्ती ईबोर सिटीत आला की पाउलिना पेद्रोसो या काळ्या क्यूबन बाईच्या घरी उतरे. पण फ्लोरिडाच्या वर्णभेदी कायद्यांपुढे नमून गोऱ्या क्यूबनांनी आपल्या मंडळातून काळ्यांना बाहेर काढलं आणि १९०० साली काळ्या क्यूबनांनी वेगळी संस्था काढली. नाव ठेवलं मार्ती आणि मासेओ या दोघांचं, एक गोरा आणि एक काळा. घरी स्पॅनिश बोलणारी त्यांची मुलं कृष्णवर्णीय अमेरिकन मुलांच्या शाळेत गेली आणि पुढे त्यांच्यातच मिसळून गेली. एव्हेलियो ग्रीयो यांनी आपल्या आत्मकथनात या बालपणाचं जे वर्णन केलं आहे, ते मी पुस्तकात सविस्तर सांगितलं आहे. संस्थेची जुनी वास्तू १९६५ साली शहर सुधारणेच्या नावाखाली पाडली गेली.

संगीताचा भाग थोडक्यात आटोपतो, कारण त्यावर इतरांनी भरपूर लिहिलं आहे. एक मात्र सांगायलाच हवं. १९४० साली न्यूयॉर्कमध्ये माचितो आणि मारियो बाउसा यांनी वाद्यवृंद उभारला, तेव्हा त्याच्या नावातच त्यांनी 'आफ्रो-क्यूबन्स' हे शब्द घातले. आफ्रिका हा शब्द घरातही दबक्या आवाजात उच्चारला जाई, अशा काळात तो नाचघराच्या दारावर झळकला. याच बाउसाने हवानाहून आलेल्या चानो पोझो या ढोलवादकाची कृष्णवर्णीय जॅझवादक डिझी गिलेस्पीशी गाठ घालून दिली. पोझोला इंग्रजी येत नव्हतं, स्वरलिपी वाचता येत नव्हती. दौऱ्यावर बसमध्ये तो प्रत्येक वादकाला वेगळा ठेका देई आणि सगळे मिळून वाजवत राहात. सप्टेंबर १९४७ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये त्यांनी एकत्र वादन केलं आणि वर्षाअखेर 'मान्तेका' या रचनेचं ध्वनिमुद्रण झालं. त्याच्या पुढच्या डिसेंबरात पोझोचा हार्लेममध्ये गोळी लागून मृत्यू झाला. जॅझ त्यानंतर पूर्वीसारखा राहिला नाही.

कॅलिफोर्नियातला एक खटला मात्र मी मुद्दाम तपशिलात घेतला आहे. १९४० च्या दशकात वेस्टमिन्स्टर या गावात मेंदेस कुटुंब राहायला आलं. वडील गोन्सालो मेक्सिकन, आई फेलिसितास पोर्तो रिकन आणि सावळी. मुलांची आत्या आपल्या आणि भावाच्या मुलांना घेऊन शाळेत गेली. तिची मुलं उजळ होती, त्यांना प्रवेश मिळाला. मेंदेसांची मुलं सावळी होती, त्यांना मेक्सिकन मुलांच्या वेगळ्या शाळेत जायला सांगितलं. आत्याने कुणालाच तिथे घातलं नाही. एकाच घरातली मुलं रंगावरून दोन शाळांत वाटली जात होती, म्हणजे ती शिडी आता उत्तरेतही पोहोचली होती.

कुटुंबाने खटला भरला. त्यांच्या वकिलाने बांधलेला युक्तिवाद असा होता, की मेक्सिकन हे कायद्याने गोरेच आहेत, म्हणून त्यांना वेगळं काढता येत नाही. खटला जिंकण्यासाठी ही वाट सोपी होती आणि त्यासाठी त्या वकिलाला दोष देणं मला अवघड जातं. पण त्या वाटेने गेलं तर फेलिसितासच्या स्वतःच्या पूर्वजांचं काय? काळ्या मुलांना वेगळ्या शाळेत घालणं तेवढं योग्य ठरत होतं का? अपिलात कृष्णवर्णीयांच्या एनएएसीपी या संघटनेने आपलं निवेदन दिलं. ते लिहिणाऱ्यांत संघटनेचे वकील थर्गुड मार्शल होते. त्यांनी कोण गोरं आणि कोण काळं या वादात शिरण्याऐवजी मुलांना वेगळं बसवणं हेच राज्यघटनेच्या विरुद्ध आहे, असं मांडलं. एप्रिल १९४७ मध्ये मेंदेस कुटुंब जिंकलं, गव्हर्नर अर्ल वॉरन यांनी राज्यातला शाळांच्या विभागणीचा कायदा रद्द केला आणि सात वर्षांनी हेच वॉरन सरन्यायाधीश म्हणून शाळांतल्या वर्णभेदाविरुद्धच्या ब्राऊन खटल्याचा निकाल देत होते. बाजू मांडायला समोर पुन्हा मार्शलच. दुसऱ्याच्या मुलांच्या खटल्यात त्यांनी आपल्या मुलांचा खटला ओळखला होता.

आता यंग लॉर्ड्स. शिकागोच्या पोर्तो रिकन पोरांची ही मूळची टोळी. १९६८ साली होसे 'चाचा' हिमेनेस याने तिची राजकीय संघटना केली. ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेच्या फ्रेड हॅम्प्टनने १९६९ मध्ये यंग लॉर्ड्स आणि दक्षिणेतून आलेल्या गरीब गोऱ्या तरुणांची यंग पेट्रियट्स यांना जोडून 'रेनबो कोॲलिशन' बांधली. त्याच डिसेंबरात पोलिसांनी पहाटे घरात घुसून हॅम्प्टनला ठार मारलं. तो २१ वर्षांचा होता.

न्यूयॉर्कच्या शाखेची सुरुवात झाडूंनी झाली. पूर्व हार्लेमच्या लोकांना विचारलं तुम्हाला काय हवंय, तर ते म्हणाले कचरा उचलला जात नाही. क्रांतीची पुस्तकं वाचून आलेल्या पोरांना हे उत्तर अपेक्षित नव्हतं, पण त्यांनी ते ऐकलं. रविवारी रस्ते झाडायला लागले. महापालिकेच्या सफाई खात्याकडे झाडू मागितले, ते मिळाले नाहीत, तेव्हा ते उचलून आणले. झाडलेला कचरा उचलायला गाड्या येईनात, म्हणून पोरांनी तो हमरस्त्यावर मधोमध रचला, वाहतूक अडवली आणि पेटवून दिला. मग गाड्या आल्या. पुढे घरोघर जाऊन रंगातल्या शिशामुळे मुलांना विषबाधा झाली आहे का हे तपासणं, क्षयरोग तपासणीची एक्स-रे गाडी ताब्यात घेऊन वस्तीत नेणं, जुलै १९७० मध्ये दक्षिण ब्राँक्सच्या पडक्या लिंकन रुग्णालयाचा एक दिवस कब्जा घेणं, असं काम वाढत गेलं. त्या रुग्णालयात येणारे रुग्ण पोर्तो रिकन होते आणि कृष्णवर्णीयही होते. म्हणून मागण्याही एकत्रच लिहिल्या गेल्या.

या संघटनेत चौथ्या हिश्शाहून अधिक सभासद आफ्रिकन अमेरिकन होते, हे सहसा सांगितलं जात नाही. मध्यवर्ती समितीवर गेलेली पहिली स्त्री डेनिस ऑलिव्हर ही कृष्णवर्णीय अमेरिकन होती. आणि त्यांच्या 'पालांते' या वृत्तपत्रात पोर्तो रिकन घरांतल्या वर्णद्वेषावर लेख छापले गेले, नाव घेऊन, आडपडदा न ठेवता. सरकारवर टीका करणं त्यामानाने सोपं. आपल्या आईने केस 'चांगले' की 'वाईट' ठरवून मुलांमध्ये केलेला फरक छापून आणायला जास्त धैर्य लागतं. मुंबईत १९७२ साली नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांनी ब्लॅक पँथरपासून प्रेरणा घेऊन दलित पँथर उभी केली, तो इतिहास आपल्याला माहीत आहे. त्याच प्रेरणेतून हार्लेमच्या पलीकडच्या गल्लीत स्पॅनिश बोलणारी पोरं काय करत होती, तेही माहीत असावं, म्हणून हे प्रकरण मी लांबवलं आहे.

सगळं असंच गोड आहे असं दाखवणं वाचकाची फसवणूक होईल. नोकऱ्या, घरं, नगरसेवकांच्या जागा यांवरून दोन्ही समाजांत झगडे झाले आहेत आणि होत आहेत. २०२२ साली लॉस एंजेलिसमध्ये लॅटिनो नेत्यांच्या खासगी बैठकीचं ध्वनिमुद्रण बाहेर आलं. एका सहकाऱ्याच्या काळ्या मुलाबद्दल त्यात इतकं हीन बोलणं होतं, की नगरपरिषदेच्या अध्यक्षांना राजीनामा द्यावा लागला. त्याच संभाषणात मेक्सिकोच्या वाहाका भागातून आलेल्या स्थलांतरितांच्या रंगारूपाचीही टिंगल होती. परक्या काळ्याचा तिरस्कार आणि स्वकीय सावळ्याचा तिरस्कार एकाच श्वासात निघाले, आणि ते ऐकताना मला पुन्हा तीच शिडी दिसली.

प्यू या संशोधन संस्थेच्या पाहणीनुसार २०२० साली अमेरिकेत सुमारे ६० लाख प्रौढ आफ्रो-लॅटिनो होते, म्हणजे प्रौढ लॅटिनोंच्या १२ टक्के. २०३० च्या जनगणनेत वंश आणि लॅटिनो असणं हे दोन वेगळे प्रश्न एकत्र केले जाणार, असं २०२४ मध्ये ठरलं. एकाहून अधिक खुणा करता येतील हे खरं, पण 'लॅटिनो' हा 'ब्लॅक'च्या बरोबरीचा पर्याय झाला की काळे लॅटिनो एकावरच खूण करून थांबतील आणि मोजणीतून निसटतील, अशी भीती अनेक आफ्रो-लॅटिनो अभ्यासकांनी व्यक्त केली आहे. मला ती भीती रास्त वाटते.

मेक्सिकोत नेमकं उलट घडलं आहे. गॅस्पार यांगा या पळालेल्या गुलामाने १७ व्या शतकाच्या आरंभी व्हेराक्रूझच्या डोंगरांत स्पॅनिश सैन्याशी झुंज देऊन आपल्या माणसांचं गाव मान्य करून घेतलं. १८२९ साली गुलामगिरी बंद करणारा राष्ट्राध्यक्ष व्हिसेंते गेरेरो स्वतः आफ्रिकन वंशाचा होता. आणि तरी त्या देशाने आपल्या काळ्या नागरिकांना घटनेत जागा दिली ती २०१९ साली. २०२० च्या जनगणनेत २५ लाखांहून अधिक लोकांनी आपण आफ्रिकन वंशाचे असल्याचं सांगितलं. यामागे गेरेरो आणि वाहाका राज्यांच्या कोस्ता चीका किनारपट्टीवरच्या गावांची मेहनत आहे. १९९७ साली एल सिरुएलो या गावात त्रिनिदादहून आलेल्या ग्लिन जेमॉट या काळ्या धर्मगुरूने आसपासच्या गावांचा पहिला मेळावा भरवला होता. आपण कोण, याची उघड चर्चा तिथे सुरू झाली.

या किनारपट्टीवरच्या माणसांना स्वतःच्याच देशात प्रवास करताना पोलीस अडवतात आणि मेक्सिकन असल्याचा पुरावा म्हणून राष्ट्रगीत म्हणायला लावतात. त्यांच्यातली बरीच कुटुंबं उत्तर कॅरोलायनातल्या विन्स्टन-सेलम शहरात जाऊन स्थायिक झाली आहेत. तिथे कृष्णवर्णीयांची जुनी आणि मोठी वस्ती आहे. पाहणाऱ्याला ही माणसं त्या वस्तीतलीच वाटतात, तोंडून स्पॅनिश निघेपर्यंत. त्यांची मुलं आता तिथल्या शाळांत शिकतात. त्यांच्यावरचं प्रकरण मी सर्वांत शेवटी ठेवलं आहे आणि ते अपुरं आहे, कारण ही मुलं स्वतःला काय म्हणवून घेणार आणि कुणाबरोबर उभी राहणार, हे त्यांचं त्यांनाच अजून ठरवायचं आहे.